ग्रीस कुठलं, अँटीसीझ कुठे आणि कुठे काहीच नको: घरी गाडीचं काम काढणाऱ्यांसाठी

दर मे महिन्यात मला चार-पाच जणांचा एकच फोन येतो. पावसाळ्याआधी घरीच गाडी खोललेली असते, दिसेल तिथे मस्त ग्रीस भरलेलं असतं आणि आठवड्याभरात ब्रेक किंचाळायला लागतात किंवा एक चाक हात लावू देत नाही इतकं तापतं. "अरे पण ग्रीस तर भरपूर लावलंय मी!" तिथेच घोळ झालेला असतो.

मी स्वतः हे करून बसलोय. जुन्या हॅचबॅकच्या कॅलिपर पिनांना (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना) डब्यातलं एपी-थ्री ग्रीस बोटाने चोपडलं होतं, तेच बिजागऱ्यांना, तेच चाकाच्या नटांना, म्हटलं एकदाच काय ते होऊन जाऊदे. कराडहून येताना कुंभार्ली घाट उतरून पोफळीला थांबलो तर पुढच्या डाव्या चाकातून जळका वास. घरी येऊन पिन खेचून काढली तर तिच्यावरची रबरी स्लीव्ह बिरड्यासाठी भिजत घातलेल्या वालासारखी फुगलेली, पिन भोकात अडकलेली आणि आतला पॅड पार पत्र्यापर्यंत खाल्लेला.

तेव्हापासून कुठेही बोट फिरवायच्या आधी तीन गोष्टी बघतो. तिथे रबर आहे का, ती जागा किती तापते, आणि तो बोल्ट टॉर्क (म्हणजे आवळण्याचा मोजून दिलेला जोर) बघून आवळायचाय का. खालचं सगळं याच तीन प्रश्नांवर चालतं.

## १. दुकानात जायच्या आधी

रंगावर जाऊ नका. ग्रीसचा लाल, निळा, पिवळा हा फक्त रंग असतो, कंपनीगणिक बदलतो. डब्यावर वाचायचं ते हे:

घट्टपणा. एनएलजीआय नंबर. २ म्हणजे साधारण पीनट बटरसारखं, गाडीत बहुतेक ठिकाणी हेच चालतं. आपल्याकडचं एपी-थ्री ३ नंबरचं, जरा घट्ट.

साबण कुठला. ग्रीस म्हणजे तेल धरून ठेवणारा साबण. साधं लिथियम साधारण १८०-१९० डिग्रीला वितळून गळायला लागतं, पण सतत वापरायचं असेल तर १२०-१३० च्या वर भरवसा नाही. लिथियम कॉम्प्लेक्स बरंच जास्त सोसतं. आणि दोन जातींचं ग्रीस एकमेकांत मिसळू नका, पॉलियुरियात लिथियम घातलं की बऱ्याचदा दोन्ही पातळ होऊन वाहून जातात.

आतलं तेल. मिनरल आहे की सिलिकॉन, हे रबरासाठी सगळ्यात महत्त्वाचं.

अँटीसीझ म्हणजे आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची, धातूची भुकटी घातलेली पेस्ट. तिच्याबद्दल एक गैरसमज आधीच काढून टाकू. ट्यूबवर "११०० डिग्री" लिहिलेलं असतं आणि लोक ते सुपर-ग्रीस समजून फिरणाऱ्या, सरकणाऱ्या भागांना लावतात. तो आकडा आतल्या तांब्याच्या भुकटीचा असतो, तिला धरून ठेवणारं तेल त्याच्या खूप आधी जळून जातं आणि मागे कोरडी पूड उरते. ती पूड दोन धातू एकमेकांना चिकटू देत नाही, बास, तेवढंच तिचं काम. म्हणजे अँटीसीझ हे एकदा आवळून वर्षानुवर्षं तसंच ठेवायच्या आणि मग एक दिवस सुटायला हव्या असलेल्या गोष्टींसाठी आहे.

घ्यायचं काय: ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, धातू नसलेली सिरॅमिक ब्रेक पेस्ट, ॲल्युमिनियम किंवा निकेलवालं अँटीसीझ (छोटी ट्यूब, आयुष्यभर पुरते), पांढरं लिथियम ग्रीस, सिलिकॉन स्प्रे, ब्रेक क्लीनर, गंज सोडवणारा पेनिट्रेटिंग स्प्रे, व्हॅसलीन. एपी-थ्रीचा डबा घरात असेलच, तो टाकू नका, त्याचंपण काम आहे. फक्त झाकण लावून ठेवा, उघड्या डब्यातल्या ग्रीसमध्ये वाळू-माती गेली की ते ग्रीस राहत नाही, पॉलिश पेपर होतो.

> थांबा: डब्ल्यूडी-४० हे ग्रीस नाही. पाणी हटवायला आणि गंज सैल करायला उत्तम, पण त्यात बराचसा भाग उडून जाणारा असतो आणि जाता जाता आधीचं चांगलं ग्रीसही धुऊन नेतो. ते मारलंत की पुसून काढा आणि मग तिथलं खरं ग्रीस लावा.

## २. कामाचा क्रम

लोक आधी चाकं खोलतात आणि मग काळ्या हातांनी प्लग काढायला जातात. उलटं करा. जिथे काहीच लावायचं नाही ती कामं आधी, स्वच्छ हातांनी, सकाळी इंजिन थंड असताना. मग बॅटरी, मग ब्रेक आणि चाकं, मग सायलेन्सर. सिलिकॉन स्प्रे अगदी शेवटी, कारण त्याचे तुषार उडतात आणि डिस्कवर बसले तर ब्रेक लागत नाहीत.

गाडी सपाट फरशीवर, गिअरमध्ये, जे चाक उचलायचं नाही त्याच्या पुढेमागे दगड किंवा लाकडी ठोकळा. मागचा ड्रम काढायचा असेल तेव्हा हँडब्रेक सोडावा लागतो, नाहीतर तो निघत नाही, म्हणून ठोकळे नीट बसवा. जॅकवर उचलून खाली घोडी (लोखंडी स्टँड) लावायचीच. नुसत्या जॅकवर काम करणारे बरेच आहेत, मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही.

## ३. स्पार्क प्लग: कोरडे

पेट्रोल गाडीवाल्यांची सगळ्यात कॉमन चूक. "ॲल्युमिनियमचं हेड आहे, जाम होईल" म्हणून प्लगच्या आट्यांना कॉपर पेस्ट (तांब्याचं अँटीसीझ) लावतात. आजकालच्या बऱ्याचशा प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो, तो याचसाठी, आणि एनजीकेसारखी प्लग बनवणारी कंपनी स्वतः सांगते की लावू नका. कारण आटे गुळगुळीत झाले की तोच टॉर्क लावून प्लग गरजेपेक्षा जास्त घुसतो, मग आटे ताणले जातात.

प्लगची जागा हवेने साफ करा, मगच प्लग सैल करा. नवा प्लग हाताने बसेपर्यंत फिरवायचा, पाना लावायचाच नाही, तिरका गेला तर हाताला लगेच कळतं. मग टॉर्क: १४ एमएमच्या वॉशरवाल्या प्लगला साधारण २५-३० न्यूटन मीटर, १२ एमएमला १५-२०, १० एमएमला १०-१२. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर तेच खरं. टॉर्क रेंच नसेल तर १४ एमएमचा नवा वॉशरवाला प्लग हाताने बसल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा.

कॉइलच्या रबरी टोपीच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक (वीज न नेणाऱ्या) सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवायला हरकत नाही, पुढच्या वेळी टोपी फाटत नाही.

## ४. बॅटरी

आधी निगेटिव्ह काढायची, जोडताना शेवटी. पांढरा-हिरवा थर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, वाळवा, धातूला धातू टेकवून आवळा, आणि मग वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन चोपडून मग क्लॅम्प बसवणारे आहेत, तसं नको. ते वीज नेण्यासाठी नाही, ओल लांब ठेवण्यासाठी आहे.

## ५. चाक काढताना

नट गाडी खाली असतानाच अर्धा फेरा सैल करायचे. जाम असेल तर वायर ब्रशने आटे घासा, पेनिट्रेटिंग स्प्रे मारा आणि खरंच वीस मिनिटं सोडून द्या, चहा घ्या. दोन मिनिटांत पान्यावर उभं राहून उड्या मारण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

नट निघाले पण चाक निघत नाही, हे आपल्या खाऱ्या हवेत अलॉयवाल्यांना हमखास होतं. हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) लोखंडी, चाक ॲल्युमिनियमचं, मध्ये पावसाचं पाणी, दोन्ही एकमेकांना धरून बसतात. टायरवर आतून रबरी हातोडा, प्रत्येक वेळी अर्धा फेरा फिरवून. आणि सगळे नट पूर्ण काढू नका, एक-दोन नट चार-चार आट्यांवर ठेवा म्हणजे चाक अंगावर येणार नाही.

> थांबा: ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी बर्नर, वेल्डिंग, पेटता गॅस अजिबात नको. काही क्लीनरमध्ये क्लोरीन असतं, त्यातून तापल्यावर फॉस्जीन हा विषारी वायू होतो. बाकीचे सरळ पेट घेतात.

## ६. कॅलिपरच्या पिना

इथे घाई करायची नाही. माझा घाटातला किस्सा इथलाच.

पिनांवरची स्लीव्ह आणि बूट (पिनेच्या तोंडावरचं रबरी आवरण) बऱ्याचदा ईपीडीएम रबराचे असतात. हे रबर ब्रेक ऑइलमध्ये आरामात राहतं, पण मिनरल तेल लागलं की ते शोषून फुगतं. एपी-थ्री, चॅसिस ग्रीस, इंजिन ऑइल, व्हॅसलीन हे सगळं मिनरल. म्हणून इथे ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस, किंवा मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल ते. कॉपर पेस्ट तर नकोच, तेल जळून गेल्यावर पूड पिन घासत राहते.

कॅलिपर सोडवल्यावर तो नळीवर लोंबकळत ठेवू नका, स्प्रिंगला तारेने बांधा. दोन्ही पिना एकसारख्या दिसल्या तरी बऱ्याच गाड्यांमध्ये एकीवर रबर असतं नाहीतर ती सपाट घासलेली असते. कुठली वर, कुठली खाली, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मी एकदा अदलाबदल केली होती, चालताना टकटक आवाज यायचा आणि आठवडा गेला ते शोधण्यात.

पिन पुसून उजेडात फिरवा. खड्डे पडलेले असतील किंवा गंज नखाला लागत असेल तर पिन बदला, ग्रीसने खड्डा भरत नाही. भोकात ब्रेक क्लीनर मारून फडकं फिरवा, जुनं ग्रीस तळाशी राहिलं तर त्यावर नवं लावून उपयोग शून्य. बूट फाटलाय का बघा, फाटलेला असेल तर आज नाही उद्या पाणी आत जाणारच.

आता किती लावायचं. पिनेवर पातळ थर, इतका की धातूचा रंग त्यातून दिसला पाहिजे. भोक भरायचं नाही. भोक भरलं की पिन आत ढकलताना हवा आणि ग्रीस तळाशी दाबले जातात, मग पिन स्वतःहून बाहेर येते आणि कॅलिपर नीट मागे सरकत नाही. म्हणजे "भरपूर" लावून तुम्ही तोच आजार आणलात.

> तपासा: पिन बसवून बूट खोबणीत बसवा, पिन बोटाने दाबून सोडा. सहज आत-बाहेर झाली पाहिजे आणि सोडल्यावर उडून बाहेर यायला नको. बाहेर येत असेल तर बूटची कड जरा उचलून हवा सोडा.

पिनांचे बोल्ट छोटे असतात, चाकाच्या नटाच्या अंदाजाने आवळू नका, मॅन्युअलचा आकडा बघा. आणि ब्रॅकेटच्या मोठ्या बोल्टच्या आट्यांवर निळा किंवा लाल सुकलेला थर दिसला तर तो थ्रेडलॉकर आहे. तिथे अँटीसीझ लावणं म्हणजे सुटू नये म्हणून केलेल्या सोयीवर पाणी.

## ७. पॅड आणि मागचे ड्रम

धूळ हवेने उडवायची नाही, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसायची, मास्क लावून. पॅडचे दोन्ही कान जिथे ब्रॅकेटमध्ये सरकतात तिथला गंज ब्रशने काढा, हे साफ करणंच नव्वद टक्के काम आहे. त्यावर सिरॅमिक पेस्टचा अगदी पुसटसा हात, तोही मॅन्युअलमध्ये किंवा पॅडच्या पाकिटावर "कोरडं ठेवा" असं नसेल तर. एबीएसचा सेन्सर जवळ असेल तर तांब्याची पेस्ट लांबच ठेवा.

मागे ड्रम असतील तर शू जिथे मागच्या पत्र्यावर टेकून सरकतो ते चकचकीत घासलेले ठिपके दिसतील, बहुतेक सहा. प्रत्येकावर काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढी ब्रेक पेस्ट. यापेक्षा जास्त लावलं तर ते तापून लायनरवर जातं आणि मग लायनर फेकावेच लागतात, रॉकेलने धुवून काही होत नाही, उगाच प्रयत्न करू नका.

पिस्टन मागे ढकलला असेल तर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. हे विसरणारे लोक गेटवर गाडी आपटतात.

## ८. चाक परत लावताना: नट कोरडे

हबच्या मधल्या गोल उंचवट्याला, जिथे चाकाचं मधलं भोक बसतं, तिथे अँटीसीझचा पातळ थर. अलॉय असेल तर ॲल्युमिनियम किंवा निकेलवालं. तांबं आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि आपण तर कोकणात राहतो. चाक ज्या सपाट तोंडावर टेकतं ते मात्र ब्रशने घासून स्वच्छ आणि कोरडं. स्टडच्या (नट ज्यावर फिरतो त्या दांडीच्या) आट्यांना आणि नटाच्या उतरत्या तोंडाला काही नाही.

इथे सगळे भांडतात माझ्याशी, म्हणून हिशोबच सांगतो. नट आवळताना लावलेल्या जोरातला मोठा वाटा घर्षणात जातो, ढोबळ मानाने नव्वद टक्के, आणि उरलेला दहा टक्के स्टड ताणतो, तोच ताण चाक धरून ठेवतो. मॅन्युअलमधला टॉर्क हा, काही वेगळं लिहिलं नसेल तर, कोरड्या आट्यांसाठी धरलेला असतो. १२ एमएमचा स्टड, १०० न्यूटन मीटर, कोरड्या लोखंडाचा नट फॅक्टर (सगळं घर्षण धरून काढलेला टॉर्कच्या हिशोबाचा आकडा) ०.२० धरला तर ताण येतो साधारण सव्वाचार टन. अँटीसीझ लावून तोच आकडा ०.१५ झाला तर त्याच १०० वर ताण जातो साडेपाच टनांच्या वर. पान्याने टिक केलं, तुम्हाला वाटलं बरोबर आहे, आणि स्टड मात्र एक-तृतीयांश जास्त ताणलाय. हे दर वेळी होत राहिलं की एक दिवस पंक्चर काढताना स्टड नटासकट हातात येतो.

मग लोक म्हणतात, लावतो पण टॉर्क कमी करतो. किती कमी? प्रत्येक पेस्टचा आकडा वेगळा असतो. चाकाच्या बाबतीत ही गंमत नको. गंज लागलाय तर ब्रशने आटे साफ करा, कोरडे करा, तेवढं पुरे.

क्रम: सगळे नट आधी हाताने, मग समोरासमोरचे धरून चांदणीसारखे थोडे थोडे, गाडी खाली, आणि मग टॉर्क. छोट्या गाड्यांचा आकडा बहुधा ८५ ते ११० न्यूटन मीटरच्या मध्ये असतो, तुमचा मॅन्युअलमध्ये आहे.

> तपासा: पंक्चरवाल्याने न्यूमॅटिक गनने आवळलंय? घरी येऊन नट सैल करून पुन्हा टॉर्कने आवळा. नुसता टॉर्क रेंच लावून "टिक" वाजला म्हणजे बरोबर, असं नाही, तो आधीच जास्त आवळलेला असला तरी टिक वाजतोच.

## ९. सायलेन्सर आणि ऑक्सिजन सेन्सर

अँटीसीझची खरी जागा ही. मॅनिफोल्डचे, सायलेन्सरच्या जोडाचे स्टड, निकेल किंवा कॉपर दोन्ही चालतात, फार तापतं तिथे निकेल. लावताना पहिले एक-दोन आटे सोडून मधल्या आट्यांना ब्रशने, म्हणजे आवळताना पेस्ट पुढे ढकलली जाऊन आत पडत नाही.

ऑक्सिजन सेन्सर नवा असेल तर त्याच्या आट्यांवर बहुतेक वेळा कंपनीनेच लावून दिलेलं असतं, मग तुम्ही काही लावू नका. जुनाच परत बसवायचा असेल तर सेन्सरसाठीचं निकेलवालं, फक्त आट्यांना. टोकाला लागलं तर सेन्सर गेला. सिलिकॉनसुद्धा या सेन्सरचा शत्रू आहे, म्हणून त्याच्या आसपास सिलिकॉन स्प्रे किंवा साधा सिलिकॉन सीलंट नको.

## १०. दारं, काचा, कुलपं

बिजागऱ्या आणि बॉनेटचा खटका: जुनं पुसून पांढरं लिथियम. इथे एपी-थ्रीपण मजेत चालतं, हीच त्याची जागा. बॉनेटच्या दुसऱ्या खटक्याची, म्हणजे बोटाने उचलायच्या त्या कडीची स्प्रिंग परत येते का बघा, आपल्याकडे ती गंजून अर्ध्यावर अडकते आणि कोणी बघत नाही.

किल्लीचं भोक: ग्रॅफाइट पावडर किंवा कोरडा टेफ्लॉन स्प्रे. तेल घातलं की दोन महिने छान आणि मग धूळ चिकटून चिखल. काचेच्या खोबणी आणि दाराचं रबर: सिलिकॉन स्प्रे, पण फडक्यावर मारून मग पुसायचा. गाडीला रंगाचं काम करायचं असेल तर ते होईपर्यंत हा डबा बाहेरच काढू नका, सिलिकॉन लागलेल्या पत्र्यावर रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

आणि पावसाळ्याआधी गाडी रॅम्पवर घेऊन खालून जळकं ऑइल किंवा डिझेल फवारून घ्यायची पद्धत अजून चालू आहे आपल्याकडे. गंज थोडा अडतो हे खरं, पण सस्पेन्शनचे बुश रबराचे असतात आणि ते तेल पिऊन मऊ होतात, शिवाय तुषार डिस्कवर जातात ते वेगळंच. करायचंच असेल तर अंडरबॉडी कोटिंग करा, तेही ब्रेक, रबर आणि सायलेन्सर झाकून.

## ११. पहिली फेरी

आधी सोसायटीतच हळू चालवून दोन-चारदा ब्रेक. मग दहा-पंधरा किलोमीटरची चक्कर, शेवटचा किलोमीटरभर ब्रेक जवळजवळ न वापरता. थांबलात की चारही रिमजवळ हाताची मागची बाजू न्या, टेकवू नका. पुढची दोन एकमेकांसारखी आणि मागची दोन एकमेकांसारखी कोमट हवीत. एकच चाक वेगळं तापलं असेल तर पुन्हा सहाव्या पायरीवर, बहुतेक पिनच.

पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर, चाक थंड असताना, नटांचा टॉर्क परत एकदा. मी डॅशबोर्डच्या खणात मास्किंग टेपवर किलोमीटरचा आकडा आणि कुठल्या जागी काय लावलं ते लिहून चिकटवतो, कारण पुढच्या मे मध्ये आपणच लावलेलं ग्रीस कुठल्या जातीचं होतं ते आपल्यालाच आठवत नाही.